आपला आणि परका : द्यूताच्या कायद्यांतील एक प्रश्न

एकच कृत्य एका राज्यांत अपराध आणि दुसऱ्या राज्यांत निर्दोष करमणूक ठरावें, यांत नीतीच्या दृष्टीनें कांहीं विसंगति आहे काय? भारताच्या राज्यघटनेनें पैज व जुगार हा विषय राज्यांकडे सोंपविला, तेव्हांपासून हा प्रश्न उभा आहे. क्रिकेटच्या सामन्यांवर मोबाइलवरून पैजा लागूं लागल्यापासून तो घरोघरीं येऊन ठेपला. सिक्कीमनें २००८ सालीं कायदा करून ऑनलाइन खेळांस परवाने देण्याची व्यवस्था केली. तेलंगणानें २०१७ सालीं पैसे लावून खेळावयाच्या अशा खेळांवर सरसकट बंदी घातली.

एवढ्यावरून कोणत्याही एका राज्यास अनीतिमान म्हणणें आम्हांस रास्त वाटत नाहीं. आपल्या प्राचीन शास्त्रकारांतही हा मतभेद होताच. द्यूत आणि समाह्वय, म्हणजे प्राण्यांच्या झुंजींवरील पैज, हीं दोन्ही राजानें आपल्या राष्ट्रांतून घालवून द्यावीं, असें मनूचें सांगणें. तर द्यूताध्यक्ष नेमून एकाच ठिकाणीं खेळूं द्यावें व जिंकणाऱ्याकडून शेंकडा पांच घ्यावे, ही कौटिल्याची व्यवस्था. द्यूत हितकर आहे, असें दोघांपैकीं कोणीच म्हणत नाहीं. वाद आहे तो उपायाविषयीं. बंदीनें व्यसन चोरवाटेस लागतें, असें एकास वाटतें. परवान्यानें त्यास प्रतिष्ठा येते, असें दुसऱ्यास. अशा वादांत दोन्ही बाजूंस सज्जन असूं शकतात.

परंतु भेदाचा दुसराही एक प्रकार आहे, आणि तो निराळ्या कोटींतला आहे. पणजीस मांडवीच्या पात्रांत कॅसिनोच्या नौका आहेत. तेथें जाण्यास खुद्द गोमंतकीयांस १ फेब्रुवारी २०२० पासून मनाई करण्यांत आली. परप्रांतीयांस मात्र दार मोकळें राहिलें. येथें मतभेद उपायाविषयीं उरत नाहीं; अपाय कोणाचा मोजावा, याविषयीं तो आहे.

बाप आधीं आपल्याच लेकरांस जपतो, यांत गैर तें काय, असें कोणी विचारील. आक्षेप वजनदार आहे. पण आपल्या मुलास विषापासून दूर ठेवणें निराळें, आणि तेंच विष शेजाऱ्याच्या मुलास विकूं देऊन त्या उत्पन्नावर घर चालविणें निराळें. परका सज्ञान आहे, त्याचें तो पाहील, असें म्हणावें, तर तेंच स्वातंत्र्य घरच्या सज्ञानास कां नाकारावें?

नौकेस निदान दार असतें. मोबाइलला तेंही नाहीं. सिक्कीमनें २०१५ सालीं हे ऑनलाइन खेळ आपल्या हद्दींतील खेळघरांपुरते मर्यादित केले, आणि २०२५ सालीं संसदेनें पैशाच्या ऑनलाइन खेळांस सर्व देशभर बंदी करणारा कायदा केला. तथापि नौकांचा प्रश्न त्यानें सुटत नाहीं. आणि आम्हां महाराष्ट्रीयांनींही याबाबत नाक वर करण्याचें कारण नाहीं. १९६९ सालीं लॉटरी सुरू केली, ती आमच्याच सरकारनें.

द्यूतसभेंत धृतराष्ट्र 'जिंकलें काय?' म्हणून पुन्हां पुन्हां विचारीत होता. विदुराचा उपदेश त्यास समजत नव्हता, असें नव्हे; जिंकणारा आपला होता आणि हरणारे भावाचे होते, एवढेंच. द्यूतापासून मिळणारा कर मोजतांना प्रत्येक राज्यानें स्वतःस एकच प्रश्न विचारावा : हरणारा घरचा असता, तर आपण हें चालूं दिलें असतें काय?