निवांत भेटू म्हणजे कधी?

बाबा ३१ मे २०२४ला निवृत्त झाले. त्याच आठवड्यात त्यांनी जुन्या डायरीच्या मागच्या पानावर एक यादी केली. मला वाटलं, पेन्शनच्या कागदपत्रांची असेल. पण ती माणसांची होती. अकरा नावं, प्रत्येकापुढे गाव, आणि तीन-चार नावांपुढे प्रश्नचिन्ह. म्हणाले, ‘‘आता वेळच वेळ आहे. एकेकाला भेटून येतो.’’

मी म्हटलं, ‘‘व्हिडिओ कॉल करा की. एका दुपारी अकराच्या अकरा होतील.’’

बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि यादीची घडी करून खिशात ठेवली. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. एखादं काम कमी वेळात होत असेल तर तसंच करावं, ही माझी सवय आहे. भेट हे ‘काम’ आहे का, हा प्रश्न तेव्हा मला पडला नव्हता.

बाबा पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक म्हणून लागले होते. जायकवाडीचा डावा कालवा पैठणहून निघतो आणि २०८ किलोमीटर जात परभणी जिल्ह्यापर्यंत येतो. त्याच्या कुठल्या चारीला पाणी कधी सुटणार, कुणाचं किती क्षेत्र भिजलं, याच्या नोंदी ठेवणं हे त्यांचं काम. १९९२ ते १९९६ ते पाथरी तालुक्यातल्या एका गावात होते. एका शेतकऱ्याच्या वाड्यात भाड्याची खोली. घरमालकांचा मुलगा बाबांच्याच वयाचा. लग्न होईपर्यंत बाबांचं जेवण त्याच घरी, त्या मुलाच्या आईच्या हातचं. पुढे आई लग्न होऊन तिथेच आली. मी तीन महिन्यांचा असताना ती मला माहेरून घेऊन परतली, तेव्हा मला रोज तेल लावून न्हाऊ घालायचं काम त्या आजींनीच केलं. मग बाबांची बदली झाली. निघताना ते आजींना म्हणाले होते, ‘‘येत राहीन.’’

ते गेलेच नाहीत. बदल्या, आजोबांचं आजारपण, माझी फी, घराचे हप्ते. ‘एकदा रिटायर झालो की निवांत जाऊ’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. एप्रिल २०२१मध्ये आजी गेल्याचा फोन आला. तेव्हा लॉकडाउन होतं. नंतर ते उठलं, तरी बाबा गेले नाहीत. ‘‘आता कुठल्या तोंडानं जाऊ?’’ एवढंच म्हणाले.

यादीत पहिलं नाव त्या घराचं होतं.

डिसेंबरमध्ये आम्ही तिघं पुण्याहून एसटीनं निघालो. मार्च २०२३पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे आईचं अर्धं. बाबांची सवलत ६५नंतर, म्हणून त्यांचं पूर्ण. ‘‘रिटायर मी झालो, सवलत हिला,’’ असं ते माजलगावपर्यंत दोनदा म्हणाले.

माझ्या डोक्यात अशा भेटीचं एक चित्र होतं. दोन जुने मित्र अंगणात बसलेत, चहा होतोय, आठवणी निघतायत. प्रत्यक्षात काका भेटले, मिठी मारली, डोळे पुसले आणि घड्याळ पाहिलं. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती आणि गव्हाला पाणी द्यायचं होतं. काकू वेचलेला कापूस बांधत होत्या. हात न थांबवता त्या आईशी बोलत राहिल्या. जेवणं झाली आणि काका बॅटरी घेऊन निघाले. बाबा म्हणाले, ‘‘मीपण येतो.’’

‘‘थंडी लई आहे. तू पड. तुझं बरंय गड्या, रिटायर झालास. आमच्यात कुठलं आलंय रिटायर?’’

ते हसून बोलले. त्यात टोमणा नव्हता. पण मला त्या रात्री झोप लागली नाही. काका बाबांच्याच वयाचे. ज्या ‘निवांत’ काळाची बाबा २८ वर्षं वाट पाहत होते, तो काकांच्या आयुष्यात येणारच नव्हता. आजींच्या आयुष्यात तर तो संपूनही गेला होता.

आमच्या कामात बॅकलॉग नावाची गोष्ट असते. महत्त्वाचं, पण आज नको, असं काम तिथे टाकायचं. ते कुणी पुसत नाही आणि हातातही घेत नाही. कामाच्या बाबतीत हे चालतं, कारण ते काम जिथं ठेवलं तिथं तसंच पडून राहतं. माणूस तसा पडून राहत नाही. त्याचं वय वाढतं, त्याचे गुडघे दुखू लागतात, त्याची आई जाते. ‘नंतर भेटू’ म्हणताना आपण आपलाच वेळ वाचवतोय असं आपल्याला वाटतं. खरं तर आपण समोरच्याचाही वेळ खर्च करत असतो, आणि तेही त्याला न विचारता.

मग बाबा चुकले का? मी वकिली त्यांचीच करीन. पगार एक, रजा मोजक्या, घरात आजारी वडील. जवळच्या माणसांचं करताना लांबची माणसं राहून गेली, तर त्याला गुन्हा म्हणता येत नाही. पण तसं पाहिलं तर २८ वर्षांत त्यांना एक शनिवार-रविवारही मिळाला नसता, असं नाही. हे मी नाही, बाबाच परतीच्या वाटेवर म्हणाले.

ॲरिस्टॉटलनं मैत्रीवर बरंच लिहून ठेवलंय. अंतरामुळे मैत्री मोडत नाही, फक्त तिचं रोजचं चालणं थांबतं. पण फार काळ गेला तर माणसं मैत्रीच विसरतात, असं त्याचं म्हणणं. मला ते अर्धंच पटतं. आजी विसरल्या नव्हत्या. सकाळी काकूंनी सहज सांगितलं, ‘‘पाणी सुटलं की म्हणायच्या, कालव्यावरचा पोरगा आला का बघा.’’ बाबा उठून बाहेर गेले. दोघांपैकी एकच जण विसरतो किंवा आठवण बाजूला ठेवतो, तेव्हा त्या मैत्रीचं काय होतं, हा मला जास्त अवघड प्रश्न वाटतो.

आणखी एक शंका होती. इतक्या उशिरा जाणं म्हणजे आपल्या मनावरचं ओझं दुसऱ्याच्या दारात उतरवणं तर नाही? बाबांना हलकं वाटणार, पण काकांना काय मिळणार?

याचं उत्तर मला बाबांकडून कळलं. पहाटे चार वाजता ते दोघं परतले, पाय चिखलानं भरलेले. रात्रभर काय बोललात, मी विचारलं. ‘‘तो त्याच्या आईबद्दल बोलत होता. आता तिच्याबद्दल बोलायला त्याच्याकडे कुणी उरलं नाही. पोरांना ती म्हातारीच आठवते. तिला चाळिशीत पाहिलेला मीच.’’ आपल्या माणसाची तरुणपणची आठवण ज्याच्याकडे आहे, असं माणूस दर वर्षी कमी होत जातं. त्यामुळे उशिरा गेलं तरी हात रिकामे नसतात. पण उशीर तो उशीरच. भेटीनं तो भरून निघाला, असं बाबाही म्हणत नाहीत.

परत येताना आई खिडकीशी गप्प होती. मी म्हटलं, ‘‘तूपण यादी कर. तुझ्या मैत्रिणींकडे जाऊ.’’

‘‘कशी करू? शाळेत आम्ही चौघी होतो. लग्नानंतर कोण कुठं गेलं, आडनावं काय झाली, एकीचंही माहीत नाही. एकीचं तर सासरी नावही बदललं.’’

फेसबुकवर शोधायचं तरी कुठल्या नावानं? बाबांकडे निदान डायरी होती. आईला निवृत्तीची तारीखही नाही. घरी पोचल्यावर तिनंच आधी कुकर लावला.

माझा हॉस्टेलचा एक मित्र वणीला असतो. डिग्री झाल्यावर वडिलांचं मेडिकल दुकान बघायला परत गेला. गेली सहा वर्षं आमचं ‘भेटू रे निवांत’ चालू आहे. दर वेळी मी मला जमणाऱ्या तारखा कळवायचो, आणि त्या त्याला जमायच्या नाहीत. त्या आठवड्यात पहिल्यांदाच विचारलं, ‘‘तुला कधी जमेल?’’

दहा मिनिटांनी उत्तर आलं. ‘‘दुकान बंद ठेवता येणार नाही. पण दुपारी दोन ते चार गर्दी नसते. ये.’’

मी दोन तासांसाठी जातोय.