तण्हा सोडा, छंद सोडू नका



त्रिसरण-पंचशील घेतले, विहारात जाणे-येणे सुरू झाले, घरात ग्रंथवाचनाला बैठक बसू लागली, की नव्याने दीक्षा घेतलेल्या आपल्या कुटुंबांपुढे एक प्रश्न हटकून उभा राहतो. घरातला शिकलेला मुलगा किंवा मुलगी इंग्रजी पुस्तकातून दुसरे आर्यसत्य वाचते. पुस्तकात 'डिझायर' असा शब्द असतो. मूल त्याचे मराठी करते, 'इच्छा'. म्हणजे दुःखाचे कारण इच्छा! ऐकणारी आई मनात म्हणते, "माझ्या लेकीने शिकून नर्स व्हावे, घराला पक्क्या भिंती याव्यात, ही माझी इच्छा आहे. मग ही इच्छाच माझे दुःख काय? 'आहे त्यात समाधान मान' हे तर गावाने आम्हांला पिढ्यान्‌पिढ्या सांगितले. तेच पुन्हा ऐकण्यासाठी आम्ही धम्म स्वीकारला काय?"

या माउलीचा प्रश्न खरा आहे. त्याला उत्तर आहे, आणि ते शब्दाच्या निवडीत आहे.

तथागतांनी सारनाथच्या मृगदायवनात पाच परिव्राजकांना पहिले प्रवचन दिले, तेव्हा दुःखाचे कारण म्हणून जो शब्द वापरला तो 'तण्हा' होय. संस्कृतात तृष्णा, आणि आपल्या मराठीत तहान. शब्द एकाच घराण्यातले आहेत. लंडनमध्ये 1881 साली स्थापन झालेल्या पाली टेक्स्ट सोसायटीने 1921 ते 1925 या काळात पाली-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला. त्यातही तण्हा शब्दाचा मूळ अर्थ तहान असाच दिला आहे. श्रीलंकेचे भिक्खू वालपोल राहुल यांनी 1959 साली बुद्धांच्या शिकवणीवर इंग्रजी पुस्तक लिहिले, त्यात त्यांनी तण्हेसाठी 'थर्स्ट' हाच शब्द घेतला. मग 'डिझायर' या शब्दाने एवढा घोटाळा का व्हावा?

कारण इंग्रजीत 'हवे असणे' याला अनेक शब्द आहेत आणि प्रत्येकाचे वजन वेगळे आहे. 'विश' ही साधी, हलकी इच्छा. 'ॲस्पिरेशन' म्हणजे चांगले आणि उंच असे काही श्रमाने गाठण्याची आस. 'ॲम्बिशन' म्हणजे महत्त्वाकांक्षा; ती चांगली की वाईट, हे ज्याच्या त्याच्या मार्गावरून ठरते. 'ग्रीड' म्हणजे हाव, आपल्या वाट्यापेक्षा जास्त ओढणे. 'क्रेव्हिंग' म्हणजे तलफ. तंबाखूची तलफ आलेला माणूस पाहा. त्याला तंबाखू हवी असे आपण म्हणतो, पण खरे म्हणजे तंबाखूने त्याला धरलेले असते. मालक तो नव्हे, तलफ मालक. आणि 'डिझायर' हा शब्द एवढा पसरट आहे की त्यात विद्यार्थ्याची शिकण्याची ओढही मावते आणि सावकाराची दुसऱ्याच्या जमिनीवरची नजरही मावते. दोघांना एकाच दावणीला बांधणारा शब्द दुसऱ्या आर्यसत्याला कसा पुरणार?

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना हा धोका दिसत होता. 1957 साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनीच विचारले आहे, की चार आर्यसत्ये प्रचलित रूपात मांडली तर धम्म निराशेचा उपदेश ठरत नाही काय? मूळ ग्रंथ त्यांनी इंग्रजीत लिहिला. इंग्रजीवर त्यांचे केवढे प्रभुत्व! धम्म म्हणजे काय हे सांगताना एका प्रकरणाच्या मथळ्यातच त्यांनी शब्द घातला तो 'क्रेव्हिंग'. क्रेव्हिंग सोडणे म्हणजे धम्म. आणि लगेच खुलासा केला. संतोष म्हणजे लाचारी नव्हे, परिस्थितीपुढे मान तुकवणे नव्हे. गरिबीला बुद्धांनी धन्य म्हटले नाही. पिडलेल्याने आपली स्थिती पालटू नये, असे त्यांनी सांगितले नाही. ज्या लोभाला सीमा नाही, त्याच्या आहारी जाऊ नये, एवढाच त्याचा अर्थ.

आता दुसरा शब्द पाहू. पालीत 'छन्द' असा शब्द आहे. आपण म्हणतो, पोराला वाचनाचा छंद लागला. आपण असेही म्हणतो, त्याला पत्त्यांचा छंद लागला. छंद मूळचा बरा नाही, वाईटही नाही. तो कोणत्या दिशेला तोंड करून उभा आहे, हे पाहावे लागते. कामभोगाकडे वळला तर तो चित्ताचे आवरण होतो, आणि पाच नीवरणांत त्याची गणना पहिली आहे. पण अष्टांगिक मार्गातल्या सम्मा वायामाचे, म्हणजे सम्यक प्रयत्नाचे, वर्णन पाहा. अकुशल उपजू न देणे, उपजलेले टाकणे, कुशल उपजवणे आणि उपजलेले वाढवणे, या चारही प्रयत्नांसाठी भिक्खूने प्रथम छन्द उत्पन्न करावा, असे सुत्त सांगते. ज्याला काहीच नको, तो प्रयत्न तरी कशाचा करील?

संयुत्त निकायात याविषयी एक संवाद आहे. कौशाम्बीच्या घोषिताराम विहारात उण्णाभ नावाच्या ब्राह्मणाने आयुष्मान आनंदांना पेचात पकडू पाहिले. छन्द सोडण्यासाठी छन्दाचीच मदत घ्यायची, तर हे काम कधी संपेल? आनंदांनी उलट विचारले, "आरामात यावे असा छन्द तुझ्या मनात होता ना? इथे पोचल्यावर तो शांत झाला ना?" उण्णाभाने ते मान्य केले. कुशल छंद असा असतो. तो चालायला लावतो आणि मुक्कामाला पोचला की निवतो. तलफ मात्र जितकी भागवावी तितकी पुन्हा मागते.

आणि तण्हा एकटी येत नाही. दीघ निकायाच्या महानिदान सुत्तात तिची मालिका दिली आहे. तण्हेतून धावपळ, धावपळीतून लाभ, पुढे आसक्ती, कंजूषपणा, राखण, आणि राखणीतून काठ्या, शस्त्रे, भांडणे. आपल्या वस्तीतली भावाभावांची भांडणे आठवा. सुरुवात कोठे होती?

याच्या उलट, तथागतांनी अनाथपिंडिक गृहस्थाला चार सुखे सांगितली. घाम गाळून धर्माने मिळवलेली संपत्ती असणे, ती वापरून पुण्यकर्मे करणे, कोणाचे ऋण नसणे आणि निर्दोष आचरण. गृहस्थाच्या संसाराला धम्माने नाक मुरडलेले नाही.

म्हणून, उपासक-उपासिकांनो, आपल्या मनात काही हवेसे उठले की त्याला तीन प्रश्न विचारा. हे मिळवण्यासाठी मला शील मोडावे लागेल काय? हे मिळाल्यावर मन निवेल की आणखी मागेल? याने माझे आणि दुसऱ्याचे भले होईल, की फक्त शेजाऱ्यावर छाप पडेल? मुलीला कॉलेजात घालण्यासाठी एक वेळचा चहा सोडणारी आई या परीक्षेत उतरते. तिचा तो छंद आहे, त्याला कोणी तण्हा म्हणू नये. पण चार लोकांत नाव व्हावे म्हणून कर्ज काढून लग्नाचा मांडव घालणारा बाप उतरत नाही. तीच तण्हा, आणि व्याज फेडता फेडता अनाथपिंडिकाला सांगितलेले ऋणमुक्तीचे सुख तिने घरातून घालवलेले असते.

आणि मुलांनो, तुम्ही इंग्रजी शिकता याचा आम्हांला अभिमान आहे. पण आईवडिलांपुढे धम्म वाचताना कोशातला पहिला शब्द उचलून पुढे धावू नका. थांबा. डिझायर दिसले तर मूळ पाली कोणते, तण्हा की छन्द, ते शोधा. तण्हा असेल तर हाव म्हणा, हव्यास म्हणा, तलफ म्हणा, आईला कळेल. शब्द नीट निवडून बोलणे हीही सम्मा वाचाच आहे. तुमच्या एका चुकीच्या शब्दाने आईची हिंमत खचू शकते, आणि एका नेमक्या शब्दाने तिला बळ येऊ शकते.

ज्या समाजाला शतकानुशतके 'तुला काही हवे असता कामा नये' असे बजावले गेले, त्याने इच्छा करायला भिऊ नये. शाळा हवी म्हणा, घर हवे म्हणा, मान हवा म्हणा, आणि त्यासाठी शीलाने झटा. हाव तेवढी दाराबाहेर ठेवा.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम.