अवघड जागेचे दुखणे

‘अवघड जागेचे दुखणे आणि जावई वैद्य’ ही म्हण ऐकून आपण हसतो. दुखणाऱ्या माणसाला मात्र हसू येत नसते. सांगावे तर लाज, न सांगावे तर यातना!

अमेरिकेतील एका संशोधनाविषयी वाचताना ही म्हण मला आठवली. एचआयव्हीची बाधा झालेल्यांना गुदद्वाराच्या कर्करोगाचा धोका अधिक असतो. कर्करोग होण्यापूर्वी तेथील पेशी बिघडू लागतात. त्या वेळीच जाळून टाकाव्यात, की नुसती नजर ठेवावी? ‘अँकर’ नावाच्या चाचणीत सुमारे साडेचार हजार रुग्णांवर हे तपासले गेले. २०२२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: उपचाराने कर्करोगाचे प्रमाण ५७ टक्क्यांनी घटले.

आकडा आनंदाचा आहे. परंतु ज्याला बहुधा काहीच दुखत नव्हते, त्याला उद्याच्या संकटापायी आज वेदना द्यावयाची, तर तिचा हिशेब कोणी ठेवायचा? म्हणून संशोधकांनी रुग्णांशीच बोलून पंचवीस प्रश्नांची यादी केली. दुखते का, रोजची कामे जमतात का, मनाला घोर लागतो का? पुढे ती स्पॅनिशमध्येही नेली. कारण तेथील पुष्कळ रुग्णांची ती मायबोली.

हे काम नुसता कोश उघडून होत नाही. क्यूबात ‘ग्वाग्वा’ म्हणजे बस, चिलीत तान्हे मूल! अशा कामात भाषांतर करावे लागते, ते उलट इंग्रजीत आणून ताडून पाहावे लागते आणि शेवटी रुग्णालाच विचारावे लागते, “यावरून तुम्हांला काय समजले?”

मी शाळामास्तर. मुलाचे उत्तर चुकले की पूर्वी मी त्याचे गुण कापून मोकळा होई. पुष्कळदा माझा प्रश्नच त्याच्यापर्यंत पोहोचलेला नसतो, हे फार उशिरा कळले. वर्गात त्यापायी दोन गुण जातात. रुग्णाच्या बाबतीत त्याची वेदनाच कागदावरून पुसली जाते.

दुःखाला का कधी माप असते, असे कोणी म्हणेल. पुरते माप नसेलही. पण ज्याची नोंदच नाही, ते दुःख जग नसल्यातच जमा करते. आणि परकी भाषा तर प्रत्येक वैद्याला जावई करून सोडते! माणसाला त्याच्या भाषेत, त्याची लाज राखून, ‘कसे आहे?’ असे विचारणे आणि उत्तराची वाट पाहणे, हाही उपचाराचाच भाग आहे.

या दिवाळीत घरातील वडीलधारे ‘बरे आहे’ म्हणाले, तर क्षणभर थांबून पुन्हा एकदा विचारावे.