गुंतलेले हात, मोकळं मन

विणकामाची आवड असलेली माणसं स्कॉटलंडच्या हेब्रिडीज बेटांवर सुट्टीला जातात. समुद्रकाठी फिरतात, सुया-लोकर घेऊन बसतात, संध्याकाळी गेलिक गाणी ऐकतात. हात गुंतले, की मन मोकळं होतं.

कुणी म्हणेल, सुट्टीतही काम? पण याच बेटांवर पूर्वी बायका मेजाभोवती बसून ओलं लोकरी कापड आपटून घट्ट करत. कापड हातोहात फिरे. एकजण गाई, बाकीच्या पालुपद धरत. आपल्या जात्यावरच्या ओव्याही अशाच. हात गुंतले, की मन मोकळं होतं. ते पोटासाठीचे कष्ट होते, हे खरंच. गाण्याने ते संपले नाहीत, पण सुसह्य झाले. म्हणजे नुसतं काम थकवत नाही; घाई थकवते, एकटेपण थकवतं. म्हणून आज एक तरी काम सावकाश करा, आणि जमलं तर कुणाच्या सोबतीने करा.