पाणी आधी, तेल नंतर



तू पाठवलेले रायफलीचे फोटो भिंगाखाली धरून पाहिले. बट सॉकेटवर मुकुट, जीआरआय, इशापूर, 1942 आणि मार्क तीन स्टार. बंगालच्या इशापूर कारखान्यात महायुद्धाच्या ऐन धामधुमीत घडलेली .303 ली-एनफिल्ड आज ह्यूस्टनला तुझ्या घरी आहे, याचा मला मनापासून आनंद झाला. माझी सगळी नोकरी आर्मरर म्हणून या रायफलींतच गेली, म्हणून हक्काने लिहितो.

लगेच रेंजवर धावू नकोस. बोल्ट काढ. चेंबर आणि मॅगझिन रिकामं असल्याची डोळ्यांनी आणि बोटानेही खात्री कर. मग नळी उजेडाकडे धरून मागून आत बघ. पाच ग्रूव्ह डावीकडे वळत गेलेले दिसायला हवेत. नळी आतून अगदी गुळगुळीत असेल तर दुसरीच शंका घे. इशापूरने पोलिसांसाठी बऱ्याच रायफलींची .410 मस्केटं केली होती, त्यांना ग्रूव्ह नसतात. कुठे 'डीपी' अशी खूण दिसली तर ती रायफल फक्त कवायतीची, तिच्यातून गोळी झाडायचीच नाही. हे सगळं ठीक निघालं तरी हेडस्पेस, म्हणजे बोल्टचं तोंड आणि काडतुसाचं बूड यांतली फट, तिथल्या जाणत्या गनस्मिथकडून तपासून घे.

साठवणीचं ग्रीस रॉकेल किंवा मिनरल स्पिरिटने काढ. चेंबरमध्ये त्याचा अंशही राहू देऊ नकोस. काडतुसाचं पितळ चेंबरच्या भिंतीला धरून बसलं पाहिजे. ते घसरलं की बोल्टवर नको इतका दाब येतो.

आता मुख्य गोष्ट. तुला मिळालेल्या जुन्या काडतुसांच्या बुडावर 'केएफ' लिहिलंय, ती आपल्या खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीची. पुण्याजवळचा तो कारखाना 1869 चा आहे. त्या काळच्या लष्करी काडतुसांच्या प्राइमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असे. गोळी सुटली की त्याचा पोटॅशियम क्लोराइड होतो, म्हणजे मिठाच्याच जातीचा क्षार. तो नळीभर, विशेषतः ग्रूव्हच्या कोपऱ्यांत बसतो, हवेतला ओलावा ओढतो आणि त्याखाली लोखंड गंजतं. ह्यूस्टनची समुद्राकाठची दमट हवा त्याला रात्रभरात पुरे होते. खोक्यावर काहीही छापलेलं असो, जुनं लष्करी काडतूस म्हटलं की त्यात हा क्षार आहे असंच धरून चाल.

हा क्षार तेलात विरघळत नाही. नुसत्या सॉल्व्हंटचा भरवसा नाही. नवी मुलं इथेच फसतात. ती नळीला भरपूर तेल लावून रायफल कपाटात ठेवतात आणि क्षार तेलाखाली सुखाने आपलं काम करत राहतो. तुमच्याकडे काही लोक काच पुसायचं विंडेक्स फवारतात आणि श्रेय अमोनियाला देतात. अमोनिया नळीत बसलेलं तांबं काढतो, या क्षाराला तो काही करत नाही. तिथे जे काम होतं ते त्यातल्या पाण्याने.

म्हणून फायर झाल्यावर त्याच दिवशी उकळतं पाणी घे, दोनेक लिटर. लांब तोटीचं नरसाळं चेंबरमध्ये बसव आणि मझल खाली करून पाणी सावकाश ओत. नरसाळं हवंच, कारण या रायफलीची नळी लाकडात झाकलेली आहे. सांडलेलं पाणी फोर-एंडखाली मुरलं तर गंज दिसणारही नाही. नळी चटका बसेल इतकी तापते, तेव्हा हातमोजे घाल. तापलेली असल्यामुळे ती आतून लवकर सुकते. बोल्टचं तोंडही गरम पाण्याने पुसून घे, ते सगळे विसरतात.

मग कोरड्या चिंध्या, मग सॉल्व्हंट आणि ब्रॉन्झ ब्रश. ब्रश एका बाजूने घालून दुसऱ्या बाजूने पूर्ण बाहेर काढ, नळीत मध्येच उलटा फिरवू नकोस. तांब्यासाठी अमोनियाचा सॉल्व्हंट वापरलास तर त्याला रात्रभर आत ठेवू नकोस. शेवटी तेलाचा पातळ हात, आणि पुढच्या फायरआधी तो कोरड्या चिंधीने पुसून टाक.

बटमधल्या पितळी बाटलीसोबत फुलतरू, म्हणजे नळीतून चिंधी ओढायचा पुल-थ्रू, मिळाला असेल. त्याची जुनी दोरी वापरू नकोस, नळीत तुटली तर काढताना हाल होतात. नवी दोरी असली तरी नळीच्या सरळ रेषेतच ओढ. तिरकी ओढून ओढून मझलच्या कडेला खाचा पडलेल्या कितीतरी रायफली मी पाहिल्या आहेत, आणि गोळीला अखेरची दिशा तीच कड देते. घरी शक्यतो एकसंध रॉड मागच्या बाजूनेच घाल. जोडाचा अ‍ॅल्युमिनियमचा रॉड नको.

आतून नळी काळपट, बारीक खड्ड्यांची दिसली तर निराश होऊ नकोस. पॉलिश पेस्ट किंवा स्टील वूलने ती चकचकीत करायचा मोह मात्र टाळ. ग्रूव्हच्या कडा शाबूत असतील तर काळी नळीसुद्धा नेमकी मारते. कडा घासल्या गेल्या की त्या परत येत नाहीत.

आणि एक. फोर-एंड उतरवल्याशिवाय बटचा बोल्ट कधीही फिरवू नकोस, लाकूड चिरतं.

धुतल्यानंतर लागोपाठ तीन दिवस रोज एक चिंधी नळीतून काढ. तांबूस डाग आला तर क्षार राहिलाय, पुन्हा पाणी. चौथ्या दिवशी नळी कशी दिसते ते मला फोटोसह कळव.

तुझा,
मामा