आपलेपणाची किंमत



माझ्या एका वृद्ध स्नेह्यांचा नातू अमेरिकेत पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे. एका रविवारी उपासनेनंतर ते थोडे अस्वस्थ दिसले. नातवाला तिकडच्या एका ‘फ्रॅटर्निटी’कडून आमंत्रण आले होते आणि वर्गणीसाठी त्याला पैसे हवे होते. ‘तिथे तुला काय काय करावे लागेल?’ असे आजोबांनी फोनवर विचारले. ‘ते आत गेल्यावरच सांगतात,’ असे नातू म्हणाला. आजोबांना पैशांची चिंता नव्हती. त्या उत्तराने त्यांची झोप उडाली होती. ती उडणे रास्त होते काय, याचा आज आपण विचार करू.

फ्रॅटर्निटी म्हणजे विद्यार्थ्यांचे बंधुमंडळ आणि सोरॉरिटी म्हणजे विद्यार्थिनींचे भगिनीमंडळ. त्यांची नावे ग्रीक अक्षरांची असतात. ५ डिसेंबर १७७६ रोजी व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी महाविद्यालयात ‘फाय बीटा कॅपा’ ही अशी पहिली मंडळी स्थापन झाली. पुढे तिने गुप्तता सोडली आणि ती विद्वत्तेचा गौरव करणारी संस्था झाली. परंतु ग्रीक अक्षरे, शपथ आणि गुप्त खूण हा तिचा साचा इतरांनी उचलला. आज यांतील अनेक मंडळांची स्वतःची घरे आहेत. नव्या विद्यार्थ्यांनी काही दिवस घरोघरी जाऊन आपली ओळख करून द्यायची, याला ‘रश’ म्हणतात. पसंत पडलेल्यास ‘बिड’, म्हणजे आमंत्रण मिळते. त्यानंतर उमेदवारीचा काळ, आणि मग शपथ.

छापील खर्चाविषयी फार लिहावयास नको. मंडळागणिक आणि महाविद्यालयागणिक दर सत्राला काहीशे ते काही हजार डॉलर लागतात. शिवाय कपडे, भेटी, समारंभ, आणि गैरहजर राहिल्यास दंड. ऐपत असेल त्याने द्यावे, नसेल त्याने नम्रपणे नाही म्हणावे. हा प्रश्न हिशेबाच्या वहीत सुटतो. त्या वहीत न मावणाऱ्या किमतीचे मात्र तसे नाही.

१९५९ साली इलियट अ‍ॅरन्सन आणि जडसन मिल्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. एका चर्चामंडळात प्रवेश मिळवण्यासाठी काही विद्यार्थिनींना अतिशय लाजिरवाण्या कसोटीतून जावे लागले, काहींना सौम्य कसोटीतून, तर काहींना कसोटीच नव्हती. मग सर्वांना त्या मंडळाची चर्चा ऐकवली. ती मुद्दाम कंटाळवाणी आणि निरर्थक ठेवली होती. ज्यांना सर्वांत अधिक लाज सोसावी लागली होती, त्यांनाच ती अधिक रसपूर्ण वाटली! पाहा, मनुष्याचे मन कसे आहे ते. आपण जे सोसले ते व्यर्थ गेले, हे कबूल करण्यापेक्षा मिळालेली वस्तूच मौल्यवान होती असे ते स्वतःला पटवते. आणि पुढच्या वर्षी नवागताला तेच सोसावयास लावते.

आपल्याकडील रॅगिंगशी याची तुलना सहज सुचते. महाराष्ट्राने त्याविरुद्ध १९९९ साली कायदा केला. परंतु रॅगिंग मुलावर लादले जाते. येथे मुलगा स्वतः दार ठोठावतो, आणि म्हणून नंतर तक्रार करावयास त्याची जीभ उचलत नाही.

फेब्रुवारी २०१७ मध्ये पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील एका बंधुमंडळाच्या घरी आमंत्रण स्वीकारणाऱ्यांची रात्र होती. उमेदवारांना थोड्या वेळात पुष्कळ दारू पाजण्यात आली. एकोणीस वर्षांचा एक विद्यार्थी तळघराच्या जिन्यावरून कोसळला. त्याला उचलून कोचावर ठेवले गेले. एका नव्या सभासदाने मदत बोलावण्याचा आग्रह धरला, तर त्याला धक्का देऊन बाजूला सारण्यात आले. रुग्णवाहिकेसाठी फोन गेला तो जवळजवळ बारा तासांनी. ४ फेब्रुवारीस त्या मुलाचा मृत्यू झाला. घरातील कॅमेऱ्यांनी बरेच काही टिपले होते, म्हणून हे जगाला कळले. पुढच्या वर्षी त्या राज्याने अशा छळाविरुद्धचा कायदा कडक केला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये संघराज्याचाही कायदा झाला. त्यानुसार महाविद्यालयांना अशा घटनांची नोंद जाहीर करावी लागते.

ते तरुण राक्षस होते असे मला वाटत नाही. एकेकटा भेटला असता तर त्यांतील बहुतेकांनी रस्त्यावरच्या परक्या माणसासाठीही धावाधाव केली असती. ‘घराचे नाव’ जपण्याचे जे ओझे त्यांनी शपथेबरोबर उचलले होते, ते त्या रात्री एका जिवाहून जड ठरले. आत जाताना ही किंमत त्यांना कोणी सांगितली होती काय?

येथे एखादा वाचक म्हणेल, ख्रिस्ती शिष्यत्वालाही किंमत नाही का? आहे, आणि मोठी आहे. परंतु लूककृत शुभवर्तमानाच्या १४ व्या अध्यायातील बुरूज बांधणारा आठवा. आधी बसून खर्चाचा अंदाज घ्या, असे प्रभू स्वतः सांगतो. तो क्रूस लपवून ठेवत नाही. दारातच दाखवतो, आणि ज्याला परत जावयाचे त्याला जाऊ देतो. इलिनॉयमधील व्हीटन कॉलेजचे पहिले अध्यक्ष जोनाथन ब्लँचर्ड यांनी एकोणिसाव्या शतकात गुप्त मंडळांना कडाडून विरोध केला. त्यांची काही मते आज अतिरेकी वाटतील. पण जे ठाऊकच नाही त्याविषयी आधी शपथ कशी घ्यावी, ही हरकत अजून खोडली गेलेली नाही.

सगळ्यांना एकाच मापाने मोजणे मात्र अन्यायाचे होईल. १९०६ साली कॉर्नेल विद्यापीठात सात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी ‘अल्फा फाय अल्फा’ स्थापन केली, ती एकमेकांना आधार देण्यासाठी. गोऱ्यांची दारे त्यांना बंद होती. मार्टिन ल्यूथर किंग १९५२ साली बोस्टन विद्यापीठात शिकत असताना तिचे सभासद झाले. एकाकीपणा ही खरी भूक आहे. परमुलखातील वसतिगृहात, पहिल्या हिवाळ्यात, ज्याचे दार कोणीच ठोठावत नाही, त्या मुलाला आपण केवळ उपदेश पाठवून कसे चालेल? तेथील मंडळीतही तो तीन रविवार मागच्या बाकावर बसून कोणाशी न बोलता परतला असेल. भरजरी वस्त्रे घातलेल्याला चांगली जागा आणि दरिद्र्याला पायापाशी, हे याकोबाने आपल्या पत्रात लिहिले ते कॉलेजांना उद्देशून नव्हे.

निवडीचा तो तराजू किती जुना असतो, हे अलाबामा विद्यापीठात दिसले. तेथे १९६३ साली गव्हर्नर वॉलेस कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना अडवण्यासाठी दारात उभे राहिले होते. बरोबर पन्नास वर्षांनी, सप्टेंबर २०१३ मध्ये, विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राने उघड केले की, उत्तम गुण असलेल्या एका कृष्णवर्णीय मुलीला तेथील भगिनीमंडळांनी नाकारले होते, आणि त्यामागे माजी सभासदांचा दबाव होता. एका मंडळातील सभासद मुलीने स्वतःच्या नावानिशी ते सांगितले. त्यानंतर विद्यापीठाला प्रवेशाची प्रक्रिया पुन्हा उघडावी लागली आणि कृष्णवर्णीय मुलींना आमंत्रणे गेली. तिनेही वर्गणी भरली होती, शपथही घेतली होती.

माझ्या स्नेह्यांनी पैसे पाठवले नाहीत, नकारही कळवला नाही. त्यांनी नातवाला एवढेच सांगितले की, ‘आत काय मागतात ते आधी विचार, आणि त्यांनी दिलेले उत्तर मला शब्दशः कळव.’ ते अजून फोनची वाट पाहत आहेत.