बुद्धी सांगणे
वेगवेगळ्या विषयांतले गुण बहुधा सोबतच चढतात-उतरतात. म्हणून त्यांच्यामागे एकच ‘सामान्य बुद्धी’ असावी, असे चार्ल्स स्पिअरमनने १९०४ मध्ये मांडले. त्याचे विद्यार्थी एम. व्ही. गोपालस्वामी पुढे आमच्या म्हैसूर विद्यापीठात मानसशास्त्र शिकवू लागले. व्ही. व्ही. कामत यांनी बिने चाचणी कन्नड आणि मराठी मुलांसाठी रूपांतरित केली.

कन्नडमधून मराठीत अनुवाद करताना मी ‘बुद्धी’पाशीच अडते. कन्नडमध्ये ‘बुद्धि हेळु’ म्हणजे चांगल्या-वाइटाची समज देणे. आपणही म्हणतो, ‘देव त्याला सुबुद्धी देवो’. दोन्ही भाषांत बुद्धी देता येते. चाचणीत ती फक्त मोजता येते. मोजमाप खोटे नाही. पण मुलाला कमी बुद्ध्यंक ऐकवून आपण त्याला बुद्धी सांगायचेच थांबवले, तर तो दोष मोजपट्टीचा नाही, आपला आहे.